मेलेल्या माणसांच्या सह्या

बिश्केक
१२ ऑगस्ट

प्रिय एजे,

फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. परवापासून आम्हा माध्यम समितीतल्या लोकांना संपादकांशी फोनवर बोलायला बंदी झाली आहे, आणि माझं नशीब असं की माझी थोरली बहीण, माझी एजेच, संपादक निघाली. घरच्या पत्रांना अजून कुणी हरकत घेतलेली नाही. म्हणून हे पाकीट तुर्दुबायच्या गाडीतून पाठवतोय. तो कारा-जारला पोचेपर्यंत उघडून वाचेल याची मला खात्री आहे. तुर्दुबाय, सलाम!

सोबत नव्या नियमांची प्रत आहे. फाडण्याआधी वाच. निवडणुकीच्या दोन महिन्यांत उमेदवाराबद्दलचा कुठलाही मजकूर छापायचा, वाचून दाखवायचा किंवा इंटरनेटवर टाकायचा असेल तर आधी आमच्या समितीकडे तपासायला पाठवायचा. लिहिणाऱ्याचं खरं नाव खाली हवं. निनावी पत्रक काढलं तर छापखान्याला कुलूप. यातली निम्मी कलमं मी स्वतः लिहिली आहेत. तू हसशील, पण मला त्यांची लाज वाटत नाही.

का, ते तुला ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी अशाच निवडणुकीच्या आधी कुणीतरी निनावी चिठोरी वाटली, की दवाखान्यातली लस त्या अमक्या उमेदवारानं आणली आहे आणि तिनं मुली वांझ होतात. माझ्या सासूबाईंनी, बेर्मेत-आपांनी, तीस वर्षं त्या तालुक्यात पोरांना लस टोचली होती. ज्यांना टोचली त्यांच्याच बापांनी त्यांच्यावर दगड फेकले. त्यांचा डावा डोळा गेला तो गेलाच. आजही बशीत चहा ओतताना त्या टेबलावर सांडतात आणि आम्ही बघितलं नाही असं दाखवतो. त्या चिठोऱ्याखाली कुणाचंही नाव नव्हतं.

तेव्हा एजे, हट्ट करू नकोस. 'दोबुश'ची नोंदणी कर, मजकूर पाठव. चार पानांचं तुझं साप्ताहिक, त्यातलं दीड पान मेंढ्यांच्या भावाचं. तपासायला कितीसा वेळ लागणार?

तुझा,
मेदेर


कारा-जार
१९ ऑगस्ट

मेदेर,

प्रत मिळाली. फाडली नाही, तीनदा वाचली. लहानपणी निबंधात स्वल्पविराम घालायला विसरायचास, आता चांगले घालतोस. एका कलमात तर इतके आहेत की वाचताना धाप लागली.

बेर्मेत-आपांची गोष्ट तू मला सांगतोस? त्या आठवड्यात मी इथे होते, तू नव्हतास. चिठोरं सोमवारी सकाळी बाजारात आलं. दुपारपर्यंत माझा खुलासा तयार होता: लस कुणी पाठवली, किती वर्षं टोचतात, कुणाकुणाच्या मुलींना टोचली आणि त्यांना आता किती पोरं आहेत, नावानिशी. मी जादा पान काढणार होते. तेव्हा तालुक्याचा कारभार बघणाऱ्या अकीमनं निरोप पाठवला, "विषय नाजूक आहे, वरून परवानगी येईपर्यंत थांबा." मी थांबले. आयुष्यात एकदाच शहाण्यासारखी वागले, मेदेर! परवानगी गुरुवारी आली. दगड बुधवारी पडले.

म्हणून सांगते, अफवेला परवाना लागत नाही. परवाना लागतो तो खुलाशाला. तुझ्या समितीच्या दारात कोण रांग लावणार? खोटं बोलणारा? तो कशाला येईल! तिथे माझ्यासारखी उभी राहणार, हातात कागद घेऊन.

नाव लिहायची सक्ती मात्र मला मान्य आहे. एकोणीस वर्षं मी माझ्या प्रत्येक ओळीखाली जिपार साग्यनाली-किझी असं लिहीत आले, कुणी सांगितलं नव्हतं तेव्हापासून.

आता बातमी ऐक. आपलं सारी-बेलचं कुरण खाणवाल्या कंपनीला एकोणपन्नास वर्षांच्या करारानं दिलं गेलं आहे. वरचं अख्खं कुरण, झऱ्यासकट. सगळ्या गावाला हे गेल्या महिन्यात कळलं, जेव्हा तंबू ठोकायला गेलेल्या लोकांना खांबांवर पाट्या दिसल्या. अकीम ओसमोनकुल म्हणतो, गेल्या वर्षी चौदा जूनला गावसभा झाली, तिनं ठराव केला. मी म्हटलं, "मी चौदा जूनला गावातच होते, मला सभा कशी दिसली नाही?" तो म्हणाला, "तुम्ही बायका चुलीपाशी होतात." साहेब आता निवडणुकीला उभे आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल काही लिहायचं तर तुझ्या दारात यायला हवं.

आले आहे. त्या सभेच्या इतिवृत्ताची नक्कल माझ्या हाती लागली. कुणी दिली ते विचारू नकोस. एक्केचाळीस सह्या आहेत. त्यातल्या अकरा माणसांना सभेला जाणं शक्यच नव्हतं, कारण ती आधीच मेलेली होती. लेख नियमाप्रमाणे समितीकडे रवाना केला आहे. बघू तुझे स्वल्पविराम किती वेगानं धावतात.

जिपार

ता. क. जाहिरातींचे दर ठरवायचे आहेत म्हणून विचारते. लोक वर्षश्राद्धाच्या आणि आठवणीच्या जाहिराती देतात, त्याही तुमच्याकडे पाठवायच्या का? उगीच चूक नको व्हायला.


बिश्केक
२ सप्टेंबर

प्रिय एजे,

तुझा लेख नामंजूर झाला. माझ्या हातून नाही. सख्ख्या बहिणीच्या फाईलला मी हातसुद्धा लावू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. ज्यानं तपासला त्यानं शेरा लिहिला: "उमेदवाराबद्दल गंभीर आरोप. कागद मूळ नाही, नक्कल आहे. सिद्ध झालेलं नाही." मला वाईट वाटलं, पण खरं सांगू? त्याच्या जागी मीही हेच लिहिलं असतं. नक्कल कुणीही बनवू शकतो. उद्या अकीमचा माणूस तुझ्याबद्दल अशीच नक्कल घेऊन आला तर?

बारा ऑक्टोबरला मतदान आहे. तेरा तारखेला छाप. कुरण कुठे पळून जाणार आहे? कोर्टात जा, मूळ कागद मागव, मग मी स्वतः पेढ्यासारखे बोरसोक वाटीन.

तुझा बुधवार-गुरुवारचा हिशेब वाचला आणि दोन दिवस तुझ्यावर चिडून होतो. चिडलो कारण उत्तर सुचेना. अजून सुचलेलं नाही.

आठवणीच्या जाहिरातींची काळजी करू नकोस. कलम सात बघ: जन्म, लग्न, मृत्यू, वर्षश्राद्ध यांच्या सूचना तपासणीतून वगळल्या आहेत. ते कलम माझंच. मेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायला लोकांना सरकारच्या दारात यावं लागू नये, असं मला वाटलं. तू सबुरीनं घेते आहेस, दर ठरवते आहेस, हे बघून फार बरं वाटलं.

मेदेर


कारा-जार
९ सप्टेंबर

मेदेर,

कालचा अंक सोबत आहे. पान चार. उभ्यानं वाचू नकोस, बसून वाच.

अकरा आठवणी आहेत. तुझ्या तपासनीसाला उमेदवाराचं नाव शोधू दे, कुठेच नाही. आरोपही नाही. प्रत्येक चौकटीत तेवढंच आहे जेवढं त्या घरच्यांना सांगायचं होतं. मी एकेका घरी गेले, कागद दाखवला, विचारलं, "आठवण छापू?" कुणीही नाही म्हणालं नाही. दोन घरी कुलूप होतं. तिथल्या शेजाऱ्यांना विचारलं.

अकरावी चौकट मी लिहिली. मागच्या पत्रात तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू आला असतास आणि माझा हात धरला असतास. ती अशी आहे:

"साग्यनाली झुमा-उलू. मेंढपाळ. जन्म कारा-जार. नऊ वर्षांपूर्वी फेब्रुवारीत वारले, वरच्या दफनभूमीत आहेत. तालुका कचेरीच्या कागदाप्रमाणे गेल्या वर्षी चौदा जूनला ते गावसभेला हजर होते आणि सारी-बेल देऊन टाकायला त्यांनी हात वर केला. बाबा, एवढे आला होतात तर घरी का डोकावला नाहीत? मुलगी जिपार, मुलगा मेदेर."

तुझं नाव न विचारता घातलं. खाली सही मात्र माझी एकटीची आहे.

जिपार


बिश्केक
१३ सप्टेंबर

एजे,

तू मला वापरलंस. दरांची चौकशी करणारी भोळी बाई! आणि मी मूर्ख, कलम काढून दिलं, वर शाबासकी दिली.

बाबांची चौकट मी कचेरीत वाचली, चारचौघांत. बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. फाईल दुसऱ्याला उघडायला लावून त्यांची सही मी तुझ्या नकलेत शोधली. काय सुरेख अक्षर! बाबांना लगाम धरून धरून वाकड्या झालेल्या बोटांनी पेन धरता येत नव्हतं. कुणीतरी टेबलाशी बसून, चहा पीत, माझ्या बापाला लिहितं केलं. माझ्या रागाला पुरेसं एवढंच होतं.

पण ते बाजूला ठेव. चौकट क्रमांक सात. नूरगाझी असान-उलू. तू छापलंस की तो चार वर्षांपूर्वी वारला. एजे, तो जिवंत आहे! नोवोसिबिर्स्कला इमारतींवर काम करतो. मेला तो त्याच नावाचा त्याचा चुलता. आज सकाळी त्याच्या पुतणीनं समितीला फोन केला. अंक गावात पोचला आणि तासाभरात लोक त्याच्या आईच्या दारात आपल्या रिवाजाप्रमाणे हंबरडा फोडत आले. कालिपा-आपा गोठ्यात दूध काढत होत्या. बाहेर लोक त्यांच्या मुलाचं नाव घेऊन रडतायत हे ऐकून त्या तिथेच कोसळल्या. दोन दिवस दवाखान्यात होत्या.

हेच ते. हेच मी सांगत होतो. तुझं मन साफ असेल, तुझं नाव खाली असेल, तरी छापलेला दगड दगडच असतो. तुला एक फोन करायचा होता. फक्त एक.

अकीमची तक्रार काल आली. वीस तारखेनंतर सुनावणी लागेल. तुझी चूक त्यांच्या हातात आयती पडली आहे.

मेदेर


कारा-जार
१८ सप्टेंबर

मेदेर,

तुझं पत्र यायच्या आधीच मी कालिपा-आपांकडे जाऊन आले होते. त्यांचं घर कुलूपबंद होतं त्या दोनांपैकी एक. शेजारीण म्हणाली, "हो, नूरगाझी गेला बिचारा." ती चुलत्याबद्दल बोलत होती. मी पुढे विचारलं नाही. घाई होती. रागही होता, आणि राग असला की माणसाला हवं तेच ऐकू येतं. एवढंच माझं म्हणणं. सबब म्हणून देत नाही.

त्या दवाखान्यातून घरी आल्या त्या दिवशी गेले. पलंगावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"तूच का, माझ्या पोराला मारणारी?"

"हो, आपा. मीच."

"माझं घर तुझ्या छापखान्यापासून किती लांब आहे?"

"सातशे पावलं."

"मग? पाय मोडले होते?"

त्यांनी नातीला चहा द्यायला सांगितलं. तिनं वाडगा काठोकाठ भरून दिला. त्याचा अर्थ तुला सांगायला नको: पी आणि चालती हो. मी पूर्ण प्यायले, पण उठले नाही. म्हटलं, "आपा, शिव्या द्या. मी ऐकायलाच आले आहे." त्यांनी दिल्या. अर्धा तास. त्यातल्या दोन मी आजवर ऐकल्या नव्हत्या, आणि मी बाजारात वाढलेली बाई आहे.

मग नातीनं नोवोसिबिर्स्कला फोन लावून दिला. नूरगाझी म्हणाला, "जिपार एजे, मी जिवंत आहे. थंडीनं अर्धा मेलोय तेवढाच." आणि मग आपणहून म्हणाला, "पण हे सभेचं काय प्रकरण आहे? गेल्या जूनमध्ये मी इथे सातव्या मजल्यावर विटा रचत होतो. मी कशावरही सही केलेली नाही. माझा मुकादम लिहून देईल."

कळतंय का, मेदेर? तो मेलेला नव्हता, पण हजरही नव्हता. त्यांनी मेलेल्यांनाच नव्हे, परदेशी गेलेल्यांनाही सभेला बसवलं आहे.

कालिपा-आपा सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हे छाप. पण आधी तुझी चूक छाप. मोठ्या अक्षरात, पहिल्या पानावर. मेंढ्यांच्या भावाखाली लपवू नकोस. आणि छापायच्या आधी मला वाचून दाखव."

मी वाचून दाखवलं. दोन शब्द त्यांनी बदलले. "खेद वाटतो" खोडायला लावलं आणि "माफी मागते" घालायला लावलं. या आठवड्याचा अंक सोबत आहे. पहिलं पान अर्धं त्यानंच भरलं आहे. एकोणीस वर्षांत इतकं मोठं अक्षर मी कशालाच वापरलं नव्हतं.

बाकीच्या दहा चौकटी मात्र जिथल्या तिथे आहेत. एकही मागे घेणार नाही. काल अकीमचा माणूस आला होता. म्हणाला, "बाई, एक चुकलं म्हणजे सगळंच चुकलं असं लिहून द्या, तक्रार मागे घेऊ." मी विचारलं, "तुमचे साहेब एका ठरावात खोटे पडले तर सगळे ठराव रद्द करतात का?" तो दार आपटून गेला. दाराची कडी सैल झाली आहे, एवढंच नुकसान.

चुकीचा दंड मला करा. मी भरीन. पण माझी चूक पुढे करून अकीमची चोरी मागे दडवायची असेल, तर तुझ्या समितीला सांग की ही बाई सुनावणीला पायी चालत येईल, आणि वाटेत प्रत्येक गावात मोठ्यानं बोलत येईल.

जिपार


बिश्केक
२५ सप्टेंबर

प्रिय एजे,

निकाल तुला जमादारानं बजावला असेलच. तरी घडलं काय, ते माझ्याकडून ऐक.

सुनावणीत मी बसणार नव्हतो. पण आदल्या दिवशी अध्यक्षांनी बोलावलं. समोर चहा, साखर, सगळं.

"कलम सात तुम्हीच लिहिलंत ना?"

"हो."

"मग वर्षश्राद्धाच्या सूचना वगळताना राजकीय आशयाच्या सूचना वगळण्याचा हेतू नव्हता, एवढं एक टिपण लिहून द्या. तारीख जुलैची घाला. म्हणजे नियम आधीपासूनच तसा होता असं होईल."

मी म्हटलं, "साहेब, जुलैत माझा असा काहीच हेतू नव्हता. आणि आज सप्टेंबर आहे."

"कागदाला कुठे कळतं?"

"मग माझी ही सही आणि कारा-जारच्या मेलेल्यांच्या सह्या, यांत फरक काय राहिला?"

ते म्हणाले, "तुमच्या घरात सगळेच असे आहेत का?" मी म्हटलं, "नाही, मी त्यातल्या त्यात मवाळ."

मी टिपण लिहिलं, पण माझं. आजच्या तारखेचं. त्यात म्हटलं की चौकट सातबद्दल 'दोबुश'ला दंड व्हायलाच हवा, कारण जिवंत माणसाला मेला म्हणणं ही छपाईची बारीक चूक नव्हे. आणि असंही लिहिलं, की साप्ताहिक बंद करायला नियमात कसलाही आधार नाही. नियम मी निनावी चिठोऱ्यांसाठी लिहिला होता. जी बाई नाव लिहिते, पुरावा दाखवते आणि चुकलं तर पहिल्या पानावर माफी मागते, तिच्यासाठी लिहिला नव्हता.

टिपण फाईलला लागलंच नाही. 'दोबुश' सहा महिने बंद. मतदान होईपर्यंत तू गावाबाहेर जायचं नाही, सभेला जायचं नाही. आणि मी सोमवारपासून तळघरात, जुन्या फायलींच्या विभागात. खिडकी नाही, पण शांतता आहे.

घरी येऊन बेर्मेत-आपांना सांगितलं. मला वाटलं होतं त्या अध्यक्षांची बाजू घेतील. त्यांनी तुझे दोन्ही अंक मागितले, डोळ्याशी धरून धरून वाचले. संध्याकाळी म्हणाल्या, "त्या बुधवारी माझ्या बाजूनं छापलेली एक ओळ लोकांच्या हातात असती, तर निदान निम्मे दगड खाली राहिले असते." मग थोड्या वेळानं, "पण त्या आईकडे आधी जायला हवं होतं तुझ्या बहिणीनं."

एजे, आता थोडे दिवस गप्प राहा. मी हरलो म्हणून सांगत नाही. दमलोय.

मेदेर


कारा-जार
२९ सप्टेंबर

माझ्या भावा,

तळघरात गरम कपडे घालून जा. तुझं टिपण फाईलला लागलं नसलं तरी माझ्याकडे आहे, तुझ्याच पत्रात. ते मी जपून ठेवणार.

गप्प राहायचं म्हणतोस? माझी अवस्था बघ. छापखान्याच्या दाराला लाख लावून मोहोर मारली आहे. फाटकाशी जमादार कुबात खुर्ची टाकून बसतो. शाळेत मी त्याला शिकवलं होतं, भूगोलात कच्चा होता. सकाळी मी त्याला चहा देते, तो लाजतो आणि म्हणतो, "एजे, तुम्ही आत असल्याचं लिहावं लागतं दर तासाला." मी म्हणते, "लिही बाबा, माझ्याबद्दल कुणीतरी खरं लिहितंय हेही खूप झालं."

पण गाव गप्प नाही. जाणत्या म्हाताऱ्यांनी चार ऑक्टोबरला गावसभा बोलावली आहे. कचेरीत नाही, वर सारी-बेलवरच. खरी सभा. इतिवृत्तातली एक्केचाळीस नावं एकेक करून पुकारणार. जो जिवंत आहे त्यानं उभं राहून सांगायचं, सही केली की नाही. जो मेला त्याच्या घरच्यानं सांगायचं. माणसानं डोंगरावर उभं राहून स्वतःचं नाव सांगायला तुझ्या कुठल्या कलमाखाली परवानगी लागते, ते मी शोधलं. सापडलं नाही.

मी जाऊ शकत नाही. कुबात डोळे मिटेल म्हणतो, पण त्याला तीन मुली आहेत. त्याची नोकरी मी घालवणार नाही. एकोणीस वर्षांत या तालुक्यात घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट, आणि मी घरात बसून बटाटे सोलणार.

तुला ये म्हणत नाही. तुझ्यापाशी गमावण्यासारखं अजून थोडं उरलं आहे, ते सांभाळ.

जिपार


नारीन, बस थांबा
५ ऑक्टोबर

प्रिय एजे,

मी गेलो होतो. तुझ्या फाटकासमोरून गेलो, आत आलो नाही. आलो असतो तर जाता आलं नसतं.

तू सांगायचीस तसं लिहितो: जे मी पाहिलं तेवढंच.

सकाळी बर्फ भुरभुरत होतं. दोनशे बारा माणसं होती, मी दोनदा मोजली. घोड्यांवरून, ट्रकमधून, काही पायी. बाया निम्म्या. कालिपा-आपांना नातीनं घोड्यावरून आणलं होतं. अकीम आला नाही, त्याचा उपअकीम आला, फाईल काखेत घेऊन. म्हणाला, "ही सभा बेकायदा आहे. पंधरा दिवस आधी सूचना दिलेली नाही."

म्हातारे मामबेत-अके म्हणाले, "पोरा, चौदा जूनच्या सभेची सूचना कधी दिली होती?"

"ती... रीतसर दिली होती."

"कुणाला? मेलेल्यांना? बरोबर आहे, जिवंतांना मिळाली नाही."

लोक इतके हसले की घोडे बिथरले. उपअकीमही ओठ चावत होता.

मग नावं पुकारली. पहिली तीस जिवंतांची. एकेक जण उठला. बहुतेकांनी तेच सांगितलं: गेल्या वर्षी चाऱ्याचं वाटप झालं तेव्हा कचेरीत सही घेतली होती, वरचं पान नंतर बदललं. दोघं म्हणाले, आम्ही जाणूनबुजून सही केली, आम्हाला खाणीत काम देऊ म्हणाले होते. लोक ओरडायला लागले. मामबेत-अकेंनी काठी उचलली: "बोलू द्या. खरं बोलायला आलेत ते." एजे, त्या दोघांचीही नावं मी लिहून घेतली आहेत, आणि त्यांना विचारून घेतली आहेत.

नंतर उरलेली अकरा. नूरगाझीचं नाव आलं तेव्हा कालिपा-आपा घोड्यावरूनच ओरडल्या, "जिवंत आहे! इथे नव्हता! मी त्याची आई!" बाकीच्यांची मुलं, भाऊ, विधवा उठल्या.

शेवटचं नाव साग्यनाली झुमा-उलू. कुणी उठलं नाही. लोक इकडेतिकडे बघू लागले, कुणीतरी म्हणालं, "जिपारला अडवून ठेवलंय." मी मागे ट्रकच्या आडोशाला उभा होतो, टोपी खाली ओढून. खोटं लिहीत नाही: मी गप्प राहिलो. मामबेत-अकेंनी नाव दुसऱ्यांदा पुकारलं, तरी गप्प राहिलो. मला माझी मुलं दिसत होती, घराचं भाडं दिसत होतं, आणि उपअकीमच्या हातातला फोन दिसत होता.

तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा पुढे गेलो. म्हटलं, "मी त्यांचा मुलगा, मेदेर. बिश्केकला माध्यम समितीत नोकरी करतो. माझे वडील नऊ वर्षांपूर्वी फेब्रुवारीत वारले. जमीन इतकी गोठली होती की कुदळ चालेना. मी दोन दिवस शेकोटी पेटती ठेवली, तेव्हा कुठे खड्डा खणता आला. ते तिथून उठून सभेला आलेले नाहीत. ही सही त्यांची नाही."

उपअकीम म्हणाला, "तुम्ही सरकारी नोकर आहात, तुम्हाला इथे बोलायचा अधिकार नाही." मी म्हटलं, "मग नोकर म्हणून लिहू नका. मुलगा म्हणून लिहा."

त्यानंतर ठराव झाला. कुरण द्यायचं नाही. विरोधात दोन हात, तेच दोघं. ते खाली घ्या असं कुणी म्हणालं नाही. नवं इतिवृत्त तिथेच गुडघ्यावर लिहिलं, दोनशे बारा जणांनी सह्या केल्या, बोटं गारठली होती म्हणून अक्षरं सगळी वेडीवाकडी. उपअकीम पोच द्यायला तयार नव्हता. लोकांनी त्याला काही केलं नाही, फक्त कुणी वाटेतून हललं नाही. दोन तासांनी त्यानं शिक्का मारला. नारीनच्या सरकारी वकिलांच्या कचेरीत आज सकाळी मी आणि मामबेत-अके तो कागद देऊन आलो. त्यांनी दाखल करून घेतला, क्रमांक दिला. आता मूळ इतिवृत्त त्यांना मागवावंच लागेल.

गाडी सुटते आहे. तुर्दुबाय घाई करतोय.

मेदेर


कारा-जार
७ ऑक्टोबर

मेदेर,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा कुबातला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आज तासांची नोंद करायला विसरलो वाटतं," आणि वहीकडे पाठ करून बसला.

हे छापायला हवं. छापखान्यावर मोहोर आहे, पण घरच्या पत्राला कुणी हरकत घेतलेली नाही असं तूच लिहिलं होतंस. शाळेतल्या मास्तरणी नक्कल करायला बसायला तयार आहेत, सात जणी. प्रत्येकीच्या वीस. रविवारच्या बाजारात प्रत्येक नक्कल हातात दिली जाईल, भिंतीवर चिकटवली जाणार नाही.

एक शब्द बदललेला नाही. तू तीन हाकांपर्यंत गप्प राहिलास ते वाक्यही ठेवलं आहे. काढू म्हणशील तर काढणार नाही, कारण ते आहे म्हणून बाकीचं खरं वाटतं.

पण एक विचारायलाच हवं, कारण एकदा न विचारता तुझं नाव घातलं होतं आणि एकदा न विचारता एका जिवंत माणसाला मारलं होतं. खाली नाव घातलं तर तुझी नोकरी जाईल. न घालता दिलं, तर ते निनावी चिठोरं होईल. मी दोन्हीला तयार आहे. तू सांग.

जिपार


बिश्केक
८ ऑक्टोबर

एजे,

घाल. पूर्ण नाव, हुद्दा, तळघराच्या खोलीचा क्रमांकसुद्धा: चौदा. कुणाला काही चुकलेलं आढळलं तर त्यानं कुठे यायचं ते कळायला हवं.

मेदेर साग्यनाली-उलू